खालून तर टाकायचाय!

...आणि वर लोक मलाच ऐकवतात, 'बापाने लाडावून ठेवलीय, म्हणून फायनल गेली!' आता काय बोलायचं माणसानं? तुम्हाला सांगतो, माझी मुलगी सॉफ्टबॉल खेळते, पिचर आहे, म्हणजे हात खालून फिरवून चेंडू हिने टाकायचा आणि मग बाकीच्यांनी धावाधाव करायची, आणि संघात धड टाकणारी ही एकटीच, त्यामुळे सकाळी हीच, संध्याकाळी हीच, सुट्टीच्या दिवशी तर हीच हीच, आणि पोरीला जरा विश्रांती द्या म्हटलं की कोच म्हणणार, 'अहो, खालून तर टाकायचाय, त्यात काय दुखायचंय?'

मलाही पटलं हो. मी ड्रायव्हिंग शिकवतो, दिवसभर दुसऱ्यांच्या चुकांवर ब्रेक मारत असतो, पण घरच्या गाडीला ब्रेक लावायचं काही सुचलं नाही. एकदा बायको म्हणाली, 'अहो, ही डाव्या हाताने का विंचरतेय?' म्हटलं, 'नवीन फॅशन असेल.' तिने माझ्याकडे नुसतं बघितलं. आमच्याकडे तेवढं पुरतं.

नेली फिजिओथेरपीला. तिथल्या बाई मूर्तीनं एवढ्याशा, पण आवाज असा की माझे शिकाऊ ड्रायव्हर जागच्या जागी गाडी बंद करतील. मुलीला विचारलं, 'दुखतं का गं?' मी म्हटलं, 'छे छे, काही दुखत नाही तिला.' 'मी तिला विचारलं.' 'हो, पण मॅडम, खालून तर टाकायचाय...' बाईंनी माझ्या हातात एक जड चेंडू दिला, समोर गादी उभी केली आणि म्हणाल्या, 'टाका. जोरात. मी सांगेपर्यंत.' आणि खुशाल मुलीचा खांदा तपासायला बसल्या! थोड्या वेळाने मी धापा टाकत विचारलं, 'थांबू का?' 'का? खालूनच टाकताय ना?'

पण मग मुलगी रडायला लागली. म्हणाली, 'खूप दिवस दुखतंय, पण सांगितलं तर मला संघातून काढतील.' बाई म्हणाल्या, 'आत्ता थांबली तर पुन्हा खेळेल. लपवून टाकत राहिली, तर हा हात कायमचा जाईल.' मग टाकणं बंद, खांद्याचे व्यायाम, पायांचे व्यायाम, हळूहळू पुन्हा सुरुवात, आणि एकच नियम... दुखलं की त्याच क्षणी सांगायचं, आणि ते तिनेच सांगायचं, बापाने मध्ये तोंड घालायचं नाही.

आणि पोरीने सांगितलं कधी? फायनलमध्ये! ऐन रंगात! चेंडू खाली ठेवला, सरळ कोचकडे गेली आणि म्हणाली, 'सर, दुखतंय.' मागून कुणीतरी म्हणालंच, 'खालून टाकून?' मी ओठ दाबून बसलो, खरंच सांगतो, एवढा अभिमान मला ती जिंकायची तेव्हाही वाटला नव्हता. दुसरी मुलगी आली, तिचा एक चेंडू आकाशात, एक पंचाच्या पायावर... हरलो.

दुसऱ्या दिवशी सरावाला कोच घुश्शातच. म्हणाले, 'आणखी कुणाचं काही दुखतंय का? असेल तर आत्ताच बोला!' त्यांना वाटलं, पोरी घाबरतील. हात वर! एक, दोन, अख्खा संघ! कुणाचं मनगट, कुणाची कंबर, कुणाचा गुडघा. कोच हळूच म्हणाले, 'तसा... माझाही खांदा वर जात नाही.'

झालं. आता सगळ्या पोरी मैदानावर आडव्या पडून बाईंचे व्यायाम करतात, त्यांच्या रांगेत शेवटी कोच. पण फलंदाजीचा सराव तर व्हायला हवा ना? मग चेंडू टाकणार कोण? कोचनी चेंडू आणून माझ्या हातात ठेवला. म्हणाले, 'तुम्ही टाका. खालून तर टाकायचाय.' आणि लांबून मुलगी म्हणते, 'बाबा, दुखलं की लगेच सांगायचं हं.'

मग सांगतोय ना, दुखतंय म्हणून... मघापासून तुम्हाला दुसरं काय सांगतोय?