मोटार कोणाच्या हातात होती

आमचं मूळ गाव उदगीरकडचं, पण गावाचं मला काही आठवत नाही, कारण मी कडेवर असतानाच माझे वडील हैदराबादेत आले. गावात शेती होती, भाऊ जास्ती, जमीन थोडी. वडिलांचा हात जनावरावर फार चांगला, मग एका जहागीरदाराच्या देवडीवर बग्गी हाकायला राहिले. देवडी म्हणजे काय सांगू तुम्हाला, वाडा नव्हे, एक मोहल्लाच तो, आत बावर्चीखाना वेगळा, जनाना वेगळा, नोकरांच्या खोल्यांची रांग वेगळी. त्या रांगेत मी वाढले. घरात मराठी, अंगणात उर्दू, बाजारात तेलुगू. शाळा नाही. अक्षरं मी पुड्यांच्या कागदावर शिकले, हळदीची पुडी सोडली की कागद सरळ करायचा आणि वाचत बसायचं.

पुढं घोडे गेले आणि मोटारी आल्या. जे बग्गी हाकायचे तेच ड्रायव्हर झाले. वडील आधी आधी ब्रेक लावताना तोंडानं हो हो म्हणायचे, सवयच ती. देवडीतच दुसरे एक ड्रायव्हर होते, त्यांच्या मुलाला मला दिली. म्हणजे माहेर रांगेच्या ह्या टोकाला आणि सासर त्या टोकाला. आमचे हे पण ड्रायव्हरच, बाविशीतले, दिगंबर नाव.

देवडीच्या ड्रायव्हरांना टोपी होती. खाकी, पुढं काळी पट्टी आणि पितळी बिल्ला. ती टोपी दिसली की चौकातला शिपाई हात खाली करायचा. ड्रायव्हरनं उघड्या डोक्यानं रस्त्यावर दिसायचं नाही, हा नियम. सासरे म्हणायचे, धोतर सुटलं तरी चालंल, टोपी सुटू नये.

जहागीरदारांचा धाकटा मुलगा, त्याला सगळे छोटे सरकार म्हणायचे, सतरा वर्षांचा असंल. मुलगा वाईट नव्हता हो. आमच्या ह्यांना भाई म्हणायचा, आमच्या खोलीसमोर उभा राहून भाकरी मागून खायचा. त्याच्या मामानं मुंबईहून त्याला मोटार आणून दिली. हिरवी, लांब नाकाची, वरून उघडी, दोनच माणसं बसतील अशी. देवडीतल्या बाकी मोटारी म्हणजे हत्ती, आणि ही हरीण. चालू केली की खोल्यांची दारं वाजायची.

आता लायसन मिळायचं त्याचं वय नाही. म्हणून किल्ली आमच्या ह्यांच्याकडं, आणि चालवायची ह्यांनी, त्यानं शेजारी बसायचं, असं ठरलेलं. पण किती दिवस बसंल तो. देवडीच्या फाटकाबाहेर पडलं की, भाई, जरा टोपी देओ ना. हे टोपी द्यायचे, जागा बदलायची. टोपी घातली की लांबून ड्रायव्हरच वाटायचा, शिपाई कुणी अडवायचा नाही. आणि गंमत अशी की आमचे हे शेजारी उघड्या डोक्यानं बसलेले, तर लोक ह्यांनाच मालक समजून सलाम करायचे. घरी येऊन सांगायचे, आज तर दोन वकील आणि एक मौलवी वाकले मला. मी हसायची. मी म्हणायची, मग मालकीणबाईला एक लुगडं तरी आणा.

तो काळ कसला होता ते तुम्हाला माहीतच आहे. आधी रझाकारांची भीती, मग पोलीस ॲक्शन झाली, फौज आली, निजामाचं राज्य गेलं. आठवडाभर देवडीचं फाटक बंद. सगळे मोठे लोक गप्प झालेले. फाटक उघडलं तसं छोट्या सरकारांना मोटार पाहिजे. कोंडून कोंडून ते पोरगं वेडं झालेलं. हे म्हणले, आत्ता नक्को, थोडे दिवस जाऊ द्या. तो म्हणला, सिर्फ तालाब के कट्टे तक, भाई.

हुसेनसागरचा कट्टा म्हणजे तळ्याच्या बांधावरचा सरळ रस्ता, एका बाजूला पाणी. तिथं त्यानं मोटार सोडली. हे म्हणायले, हळू, हळू, ब्रेक लावा. सीताफळाचे दिवस, यल्लम्मा नावाची एक बाई डोक्यावर टोपली घेऊन रस्ता ओलांडत होती. पोरगं भ्यालं, चाकच वळवलं नाही त्यानं. मोटार थांबली तेव्हा बाई एकीकडं, सीताफळं सगळीकडं.

आणि आता ऐका काय झालं. छोटे सरकार तसेच बसलेले, हात चाकावर. आमच्या ह्यांनी उतरायच्या आधी काय केलं, तर त्याच्या डोक्यावरची टोपी काढली आणि आपल्या डोक्यावर घातली. काही डोक्यात नव्हतं हो त्यांच्या. लोक जमणार, लोकांपुढं उघड्या डोक्यानं कसं जायचं, एवढीच सवय. आणि पळत जाऊन त्या बाईला उचललं. लोकांनी काय बघितलं, टोपीवाला. यल्लम्मानं पडताना काय बघितलं, टोपीवाला. दवाखान्यात पोलीस आले तर सगळ्यांनी आमच्या ह्यांच्याकडं बोट दाखवलं.

बाई वाचली, पण मांडीचं हाड मोडलं. ठाण्यात दुसऱ्या दिवशी जबाब द्यायला बोलावलं.

देवडीची रीत होती, सरकारांकडून काही झालं की नाव ड्रायव्हरचं. सासऱ्यांनी स्वतः एकदा असंच नाव घेतलेलं, सहा महिने आत राहून आले आणि त्याचं त्यांना भूषण होतं. म्हणले, मिठाला जाग, एवढ्यानं काय मरतोस का. बेगमसाहेबांनी, छोट्या सरकारांच्या आईनं, मला बोलावलं, पडद्याआडून बोलल्या. बेटी, मेरा बच्चा है. अब ज़माना हमारा नहीं रहा, उसको पकड़े तो छोड़ते नईं. आवाज रडका होता. मला सातवा महिना. मी मान हलवून आले.

इकडं माझा भाऊ सिकंदराबादेहून आला, रेल्वेत होता तो. त्याचं उलटंच. म्हणला, दाजी, आता आपलं राज्य आलंय, घाबरायचं कुणाला. सांगा मुद्दाम घातली अंगावर, सांगा रझाकारांत होता, बघा कसे बांधून नेतात. सासरे त्याच्यावर धावून गेले. हे जेवायला बसलेले, घास तसाच ताटात. मला म्हणले, तुझं काय म्हणणं. मी म्हणलं, माझं म्हणणं एकच, बाळंतपणाला तुम्ही घरी पाहिजेत, कसं ते तुम्ही बघा.

हे ठाण्यात गेले. नवा साहेब बाहेरून आलेला, ह्या देवडीची टोपी न् बिल्ला त्याला काहीच माहीत नाही. एका बाजूला छोटे सरकार, त्यांचे मामा, वकील. साहेबानं विचारलं, मोटार कोणाच्या हातात होती. हे म्हणले, छोट्या सरकारांच्या. टोपी माझी, ती मी दिली. किल्ली माझ्याकडं होती, ती पण मीच दिली. वकील म्हणला, झूठ. साहेबानं विचारलं, मुद्दाम घातली का, रझाकार होता का. हे म्हणले, नाही साहेब, पोर आहे, भ्यालं. तेवढ्यात छोटे सरकार उठले, मामांनी हात ओढला तरी उठले, आणि म्हणले, भाई सच बोल रैं, मैंइच चला रा था.

मग व्हायचं ते झालं. मोटार ठाण्यात गेली ती तिथंच गंजली. छोट्या सरकारांना शिक्षा झाली, लहान म्हणून थोडकी झाली. यल्लम्माचा दवाखाना देवडीनं केला. ह्यांचं लायसन वर्षभर गेलं, नोकरी गेली, खोली गेली. सासरे मरेपर्यंत धड बोलले नाहीत. आम्ही चिक्कडपल्लीत एका पत्र्याखाली आलो आणि माझी थोरली तिथं झाली, हे दारातच बसलेले होते. पुढं सरकारी बसवर लागले, रिटायर होईपर्यंत बस चालवली. पण यल्लम्माचा पाय काही सरळ झाला नाही. कुणी खरं बोललं म्हणून हाड जुळत नसतं, हे पण सांगते तुम्हाला. नामपल्लीला बसून विकायची ती. आमचे हे तिच्याकडूनच सीताफळं आणायचे, कच्ची असली तरी.

आता हे नाहीत, यल्लम्मा नाही, देवडी पाडून तिथं दुकानं झाली. माझी नव्वदी कधीच उलटली. त्या थोरलीचा नातू कुकटपल्लीत राहतो, कंप्युटरवर आहे, मराठी बोलतो पण वाचता येत नाही. परवा नवी गाडी घेऊन आला, आजी बसा म्हणला. बसले. आवाज नाही, धूर नाही, आणि पळते अशी की पाठ सीटला चिकटली. मग त्यानं दोन्ही हात सोडले. आजी, देखो, अपनी अपनी चलती, आपोआप वळते बघा.

मी म्हणलं, बाबा, कुणाला लागलं तर साहेबाला काय सांगशील, कोणाच्या हातात होती. तो हसला, कंपनी बघून घेती म्हणला. मी म्हणलं, कंपनी ठाण्यात येती का बाबा. त्यावर त्यानं हात परत चाकावर ठेवले. माझं मन राखायला ठेवले, ते काय मला कळत नाही का. मला घरी सोडून गेला की हात पुन्हा सोडणारच.

असो. पोरगं गुणाचं आहे. दिवा लावताना मी त्याचं नाव घेते. देवा, गाडीत बसलेल्याला सांभाळ म्हणते, पण पायी चालणाऱ्याला त्याच्या आधी.