बारा माग

कासम : हळू बोल, अनंता. माग बंद आहेत.

अनंता : सवय लागली, सेठ. एवढी वर्सं तुमच्या कानाशी वरडूनच बोललो. हळू बोलाया लागलो तर मनाच वाटतं, कायतरी चोरून करतोय.

कासम : बस त्या बाकड्यावर. शकिला चहा टाकतेय वर.

अनंता : चहा नको. तुमी शर्ट बदला नि चला. टेमघरला काम गेलेल्या मागवाल्यांसाठी सरकारी शिबिर हाय, चारला मांडव उठवनार. आज शेवटचा दिस.

कासम : मी येऊन काय करू तिथं?

अनंता : दोन शब्द बोलायचे. हा अनंता माझ्याकडं माग चालवायचा, माग बंद पडले, आता घरी बसून हाय. मालकानी तोंडानी सांगितलं तरच नाव धरतात. माझ्याकडं दुसरं दाखवाया काय हाय? ना पगाराची चिठ्ठी, ना फंड.

कासम : आणि मिळणार काय?

अनंता : सहा महिने थोडे पैसे. आनि वायरमनचं काम शिकवनार. मंग कुठंतरी लावून देऊ म्हनतात.

कासम : म्हणतात. अफजललापण म्हणाले होते, नवे माग घ्या, निम्मे पैसे सरकारचे. सख्खा भाऊ माझा, ऐकला नाही, घेतले. बँकेचं व्याज दुसऱ्या महिन्यात सुरू झालं. सरकारचे निम्मे अजून येतच आहेत.

अनंता : अफजलसेठची गोष्ट मोठ्या मानसांची. माझ्या घरात बायको, काशी, एकटी कमावते. काल्हेरच्या गोडावनात पॅकिंगला जाते. सगळी शिफ्ट उभ्यानं, बुड टेकाया स्टूल न्हाय. संध्याकाळी उंबऱ्यावर बसली की उठवाया लागते. मी आतून बघत असतो. भाकरी मीच थापतो आता. जाड होते.

कासम : तूपण गेला होतास ना त्या गोडावनात?

अनंता : आठवडा काढला. माल उचलायची गाडी मागून रिव्हर्स येत व्हती. हॉर्न मारत व्हती म्हनतात. मना कायच ऐकू आला न्हाय. पोरांनी वढला बाजूला. सुपरवायजर म्हनला, काका, घरी बसा, आमच्यावर केस होईल.

कासम : कान इथंच गेले तुझे.

अनंता : तुमचे पन.

कासम : माझे पण.

अनंता : मंग चला ना सेठ.

कासम : मला नको नेऊस. ही जागा कागदावर काय आहे, तुला माहीत नाही का?

अनंता : तीन कारखाने.

कासम : चार माग माझे, चार अफजलचे, चार शकिलाचे. तीन मालक, तीन मीटर. ती जमिनीवरची पिवळी पट्टी कोणी मारली?

अनंता : मीच मारली. रंगाचा डबा तुमी आनला.

कासम : छोट्या मागवाल्याला वीज स्वस्त. घरची माणसं चालवतात, फार तर एखादा मदतनीस, असं लिहून दिलंय. तिन्ही एक दाखवले असते तर बिलातच मेलो असतो. अख्ख्या गल्लीनं तेच केलं.

अनंता : मी कुठं बोल लावतोय?

शकिला : घ्या चहा, दोघांनी. अनंताभाऊ, तपासणीला साहेब आला की तुम्ही कोण व्हायचात, आठवतं?

अनंता : तुमच्या माहेरचा पाहुना, भाभी.

शकिला : माझ्या माहेरचा पाहुणा, आणि कपाळाला गंध. साहेबाला कसं पटलं, अल्ला जाणे.

अनंता : बघितलं त्यानी गंधाकडं. मंग चहा प्याला नि गेला.

कासम : हसा. दोघं हसा. इथं सुताचा भाव सकाळी एक, संध्याकाळी एक. कापड विणून विकावं तर सुताचेसुद्धा निघत नाहीत. बाहेरच्या मुलकातलं कापड आपल्याआधी बाजारात उभं असतं. परवा भंगारवाला येतोय. किलोवर चाललेत माग. जागा गोडावनला द्यायचं बोलणं झालंय, तेवढंच काय ते हातात राहील. अशात मी सरकारी माणसासमोर जाऊन तोंड उघडू?

शकिला : तुम्ही नका उघडू. मी जाते.

कासम : तू?

शकिला : चार माग माझ्या नावावर आहेत ना? मग मी मालकीण. बाईमाणूस, एकटीला कसे झेपतील, म्हणून एक मदतनीस ठेवला होता. तो हा. तुमच्या कागदात बसतं ना एवढं?

कासम : बसतं. पण विचारतील तुला. चहाचा ट्रे सोडून इथं कधी पाय ठेवला आहेस?

शकिला : विचारा तुम्हीच.

अनंता : मी इचारतो. भाभी, तुमचा मानूस सकाळपाळीला कधी यायचा?

शकिला : सातच्या आत. पहिला माग सुरू झाला की माझ्या मांडणीवरचे पेले वाजायचे. सगळे लागले की वाजणं संपून नुसती थरथर. मधेच पेले परत वाजले की कळायचं, कुठंतरी धागा तुटलाय, एक माग थांबलाय. मग तुमची शिवी ऐकू यायची.

अनंता : शिवी वरपर्यंत यायची?

शकिला : शिवीच यायची. बाकी काही नाही.

अनंता : सेठ, ह्यांना न्या तुमी. पास होतील.

कासम : ठीक आहे. जा. पण शकिला, चार म्हणायचं. चारच्या वर एक अक्षर नाही. अफजलचं नाव नाही, माझं नाव नाही.

शकिला : चार. बुरखा घालून येते, अनंताभाऊ. तुम्ही रिक्षा थांबवा.

अनंता : भाभी, थांबा जरा.

शकिला : काय झालं?

अनंता : सकाळी लायनीत उभा व्हतो. लिहिनाऱ्यानी इचारलं, माग किती चालवायचा.

कासम : मग?

अनंता : बारा सांगितले.

कासम : बारा.

अनंता : तोंडातून गेलं.

कासम : चार सांगायचे होतेस रे. नाही तर गप्प राहायचं, मालकाला विचारा म्हणायचं.

अनंता : चार कोन सांगतो, सेठ? शिकाऊ पोरगा सांगतो चार. माझ्या मागं आमच्या शेलार गावचा चांगदेव उभा. सगळी उमर सहाच्या वर गेला न्हाय तो. त्यानं छाती काढून आठ सांगितले असते. त्याच्यापुढं मी चार सांगू? लिहिनारा पन मान वर करून बघाया लागला. एकट्यानं बारा, काका? मी म्हनलो, एकट्यानं. रात्रपाळीला पन. लायनीतले सगळे बघत व्हते.

शकिला : मग आता सांगा, चुकून बोललो. म्हातारा माणूस, ऐकू कमी येतं.

अनंता : त्यानी वाचून दाखवलं, मशीनवर बोट घेतलं. म्हनला, मालक पन हेच सांगेल ना? फरक पडला तर खोटेपना धरतील, दोघांचा.

कासम : बारा एकाच्या हातात म्हणजे पट्टी पुसली. एक कारखाना. मागच्या सगळ्या वर्षांचा विजेचा फरक एकदम काढतील. न भरला तर जागेला सील. गोडावनवाला उभा राहणार नाही. वरचं घरपण ह्याच नंबरात आहे, तेपण जाईल.

शकिला : आणि नाही गेलो तर?

कासम : तर ह्याचं नाव जाईल.

शकिला : अनंताभाऊ, तुम्ही सांगा. तुम्ही म्हणालात तर मी बारा सांगते.

कासम : शकिला.

शकिला : खोटं आहे का? बारा नव्हते चालवत?

अनंता : चालवत व्हतो, भाभी.

शकिला : मग सांगा.

अनंता : मी कसं सांगू? तुमी दोघं नि तुमची पोरगी उज्मा रस्त्यावर, नि मी वायरमन. असं घरी जाऊन काशीला कुठल्या तोंडानं सांगू? ती मना घरात घ्यायची न्हाय.

(चहावर साय धरते.)

अनंता : किती वाजले, सेठ?

कासम : साडेतीन होत आले.

अनंता : रिक्षानं गेलं तर पोचतो अजून.

कासम : पोचशील.

अनंता : हां.

शकिला : चहा गार झाला. दुसरा आणू?

अनंता : नको. ऱ्हाऊ दे. सेठ, परवा माग सोडवाया कोन येतंय?

कासम : भंगारवाल्याची पोरं. कटर घेऊन येतील.

अनंता : त्यांना सांगा, सुताचे जड बीम आदी उतरवा. न्हायतर पायावर येईल कुनाच्यातरी.

कासम : तूच ये ना. भंगारवाल्याला मी सांगतो, दिवसाची मजुरी देईल. दोन दिवसांचं काम आहे.

अनंता : तीन लावू.

कासम : लाव तीन.

अनंता : सातला येतो.

शकिला : डबा नका आणू, अनंताभाऊ. जेवण मी वरून पाठवीन.