मधला टिपका डॉक्टरचा

माघ महिना, सन सदुसष्ट, सोमवार. ओट्यावर मी सोमलीबाई, माझे मालक, जेठानी धनीबाई, अन् लिहून घ्यायले तुम्ही, शाळेतल्या बाई. आता ऐका. आमचा तांडा पुसदच्या अंगाले. आमचे आजे बैलांवर मीठ लादून मुलूखभर फिरायचे, बापानं नांगर धरला, अन् मी या घरी लग्न होऊन आली तशी बियाणं, ढोरं, लेकरं सारं माझ्याच हाती. कोणतं काम कोणाचं हे मी सकाळीच वाटून देते, मालकही सुटत नाहीत.

दोन वर्षं झाली, छातीत गाठ निघाली. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात कापली, मंग डॉक्टर म्हणे आता मशीनचा शेक घ्यावा लागते, रोज, रविवार सोडून. काय सांगू तुम्हाला, मशीन दुखत नाही, दुखते ते बाकीचं. अन्नाचा वास नको वाटे, कातडी भाजल्यावानी लाल. आम्ही तिघं दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत उतरलो होतो, तिथं मी रीतच लावून घेतली: उठल्याबरोबर ज्वारीची आंबील प्यायची, चुलीजवळ धनीबाईनं बसायचं मी नाही, आरशांची काचळी, आमची चोळी, गाठोड्यात अन् अंगात मालकाचा जुना मऊ सदरा. धनीबाई म्हणे, तू तर सासऱ्यासारखी दिसून राह्यली. म्हटलं, मंग पदर घे अन् पाया पड.

शेक कुठं द्यायचा त्या जागेच्या चार कोपऱ्यांवर डॉक्टरनं जांभळ्या शाईचे चार टिपके दिले होते. म्हणे पुसले तर माप चुकते. होळीले सुटी देऊन घरी धाडलं. तांडा लेंगी गाऊन राह्यला, रंग उडून राह्यला, मी आपली दूर खाटेवर. पण घामानं टिपके फिके झालेच. मी विचार केला, रोज जपायचं काहून? पुसदच्या बाजारात गोंदारीण बसते, पक्कंच करून टाकू. ती म्हणे, एकटा टिपका मी गोंदत नाही बाई, अपशकून होते. म्हणून प्रत्येकाच्या भोवती आणखी चार-चार टोचले.

नागपूरले परत गेलो, डॉक्टरनं पाह्यलं अन् कपाळाले हात लावला. म्हणे बाई, यातला माझा कोणता? म्हटलं मधला तुमचा, बाजूचे तिनं राखणीले बसवले. सिस्टर हसली, डॉक्टर हसला नाही. खपली पडेतोवर शेक बंद म्हणे, अन् बंद पडला तर आजार पुन्हा डोकं काढू शकते. ते रिकामे दिवस मले मशीनपेक्षा भारी गेले. मालक रोज सकाळी येऊन खपली पाहत अन् उन्हात जाऊन बसत. शेवटी डॉक्टरनं कागदावरचं माप काढून पुन्हा मोजलं, गोंदणावर भरवसा न ठेवता नवीन रेघा ओढल्या. त्या मी जिवापाड जपल्या. शेक पुरा झाला.

त्यानंतर दोन पेरण्या पाह्यल्या मी. आता शेजारच्या रूपलीलेही गाठ आहे. लपवून राह्यली होती, मीच धरलं. म्हणते शेकानं माणूस जळते. मी तिले छाती दाखवली, म्हटलं पाह्य, जळली काय मी? तिनं गोंदणावर बोट फिरवलं, मंग म्हणे, होळी होऊ दे. म्हटलं होळी कायले, उद्याच्याच मोटारीनं जायचं. तिची ढोरं, तिचं पोरगं, कोणी पाहायचं ते वाटून दिलं. देव तिले बरं करो, तुम्हालेही सुखी ठेवो. पण आता वही मिटा बाई, अन् चला माझ्यासंग तिच्या घरी, ती अजून हो म्हणाली नाही.