चार टाके

नाही, किल्ली देते ना — देत नाही असं कुठे म्हटलं मी? कमिटीचा हॉल, कमिटीची किल्ली. फक्त बस दोन मिनिटं. त्या खुर्चीवर नको, तिचा पंप गेलाय, बसलं की खाली जाते — या बाकावर बस. सेक्रेटरी झालास, आता अहो-जाहो करायला हवं तुला, पण जमत नाही रे. तुझं पहिलं जावळ मी उतरवलंय, केवढा रडला होतास, तुझ्या आईने दोन्ही हात धरले होते आणि तू माझ्या मनगटाला चावलास. हसू नकोस. म्हणजे — हस, हस, निदान कुणीतरी हसू दे इथे. शनिवारपासून या हॉलमध्ये कुणी हसलेलं नाही.

किती वाजले? तीन वाजून पाच? घड्याळ बरोबर आहे ना तुझं? चारला गाडी आहे माझ्या क्लासातल्या त्या पोरीची. तेच सांगतेय मी, ऐक ना — हॉल घे, आरसे घे, खुर्च्या अडगळीत टाक, मला काही नको. मला फक्त एक पत्र दे. कमिटीच्या कागदावर चार ओळी, की त्या मुलीबद्दल आमची तक्रार नाही. बस. चौकातल्या सलूनवाल्याने तिला कामावर घ्यायचं कबूल केलं होतं, सोमवारपासून. तुमची तक्रार गेली आणि तो म्हणाला, नको बाई मला लफडं. काम गेलं म्हणून वसतिगृहातली खोली गेली, आणि खोली गेली म्हणून निर्वासितांच्या ऑफिसातून कागद आला — परत छावणीत. दोघी बहिणी. धाकटी दहा वर्षांची आहे, तिला महिन्यापूर्वी शाळेत घेतलंय. छावणीत शाळा नाही. तंबू आहेत आणि चिखल आहे, मी बघून आलेय.

हो, माहितीय मला नियम. मीटिंगमध्ये ठरलं, हेही माहितीय. पण त्या मीटिंगला तिला ओळखणारं कोण होतं, सांग बघू? तूसुद्धा ओळखत नाहीस. आम्ही तिला 'सावकाश' म्हणतो. आली तेव्हा आपल्या भाषेतला तेवढा एकच शब्द येत होता तिला — कुणाच्या डोक्याला हात लावायचा तर आधी म्हणायची, सावकाश. त्याला वाटायचं आपल्यालाच सांगतेय, मग तो घाबरून ताठ बसायचा. आम्ही सगळे पोट धरून. आणि हात काय सांगू तुला! तीस वर्षं सलून चालवलं मी, असा हात पाहिला नाही. दर शनिवारी वस्तीतली माणसं इथे फुकट केस कापून घ्यायला येतात ना — पहिल्या शनिवारी कोण आलं होतं? कुणी नाही. नऊ मुलं-मुली कंगवे धुऊन उभी, आणि समोर नऊ रिकाम्या खुर्च्या. दुसऱ्या शनिवारी पोस्टमनकाका आले. म्हणाले, माझं टक्कल आहे, बिघडवायला फार काही नाही, बसवा कुणालाही. ती पुढे झाली. काकांनी जाऊन सगळीकडे सांगितलं, आणि मग रांगा लागल्या. शेजारीण तिच्याकडे पोराला घेऊन यायला लागली, कोपऱ्यावरचा गॅरेजवाला दाढी करून घ्यायला लागला — स्वतःचा गळा पुढे करून, बाबा! तिच्या भाषेतलं एक अक्षर येत नाही त्याला. आपण मीटिंगा घेतो, भाषणं करतो, मिळून-मिसळून राहा म्हणतो. त्यापेक्षा मान खाली घालून कुणाच्या तरी हाताखाली दहा मिनिटं बसलं ना की —

माहितीय. काकांना चार टाके पडले. मी नाही म्हणतेय का? कानाच्या मागे, खोल. रक्त थांबेना. त्यांची सून धावत आली, तिने जे बोलायला नको ते सगळं बोलून घेतलं — यांच्या हातात वस्तरे देता, उद्या गळे कापतील. तिचं मी मनावर घेत नाही, सासऱ्याचं रक्त बघून कुणीही बोलेल. पण तुम्ही तर शुद्धीवर होतात ना? तुम्ही तेच वाक्य कागदावर कसं लिहिलंत? अरे, न्हाव्याच्या हातून कधी लागत नाही का? आणि तिने तर काकांचा कान धरलेला, तिच्या हातात तेव्हा वस्तरासुद्धा —

काही नाही. पाणी देऊ तुला? फवाऱ्याच्या बाटलीतलं नाही, चांगलं आहे, माठ आहे तिकडे.

काय? नाही, म्हणजे — म्हटलं मी तसं. चुकून म्हटलं. असं बघू नकोस माझ्याकडे.

...बघ. हा हात बघ. आता काही धरलेलं नाही ना त्यात? तरी बघ. दोन वर्षं झाली. डॉक्टर म्हणाला, वाढत जाणार, काम थांबवा. मी म्हटलं, शिकवायला हात कशाला लागतो, तोंड लागतं. आणि खरंच, दोन वर्षं मी वस्तऱ्याला शिवले नाही. त्या दिवशी ती कानामागची रेघ काढत होती, एवढी सुरेख की मला राहवलं नाही. हेवा वाटला, खरं सांगते तुला. म्हटलं, आण इकडे, दाखवते तुला आमच्या वेळची सफाई. काकांचे डोळे मिटलेले. बाकीची मुलं आपापल्या खुर्च्यांवर. एक झटका आला, एवढासाच. मी नुसती उभी राहिले — तीस वर्षं सलून चालवलेली न्हावीण, पुतळ्यासारखी. तिने माझ्या हातून वस्तरा काढून घेतला, दुसऱ्या हाताने टॉवेल दाबून धरला. सून आली तेव्हा वस्तरा तिच्या हातात. कोणी केलं? — म्हणून ओरडली. मी तोंड उघडेपर्यंत ती म्हणाली, मी.

मग म्हटलं, आधी रक्त थांबू दे, मग सांगते. मग म्हटलं, टाके पडू देत. संध्याकाळी तिला जिन्यात गाठलं, म्हटलं, मी जाते कमिटीकडे. तर मोडक्यातोडक्या भाषेत म्हणते — मावशी, तुम्ही गेलात तर क्लास जातो. मी गेले तर मी जाते. खरंच आहे ना रे? हॉल गेला तर क्लास दुसरीकडे भरवता येईल, पण परवाना माझ्या नावावर आहे. हात थरथरतो हे कळलं की परवाना रद्द, आणि उरलेल्या आठ जणांची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे — त्यांनी कुठे जायचं? मी हिशोब केला, बघ. एक विरुद्ध आठ. फार शहाणपणाचा हिशोब वाटला. पाच दिवस मी तो मनात घोळवतेय आणि पाच दिवस तो मला पटत नाही, कारण आठांचं नाव नुसतं पुढे करायला. भीती माझी होती. लोक म्हणतील, म्हातारीने जिवाशी खेळ केला. मला हे आरसे सोडवत नाहीत. घरी कोण आहे माझं? काकाच काल फोन करून म्हणाले, पोरीला म्हणावं मी रागावलो नाही. मी 'सांगते' म्हणाले आणि फोन ठेवला.

तू काही बोलू नकोस. कागद आहे ना तुझ्याकडे? त्या तक्रारीच्या प्रतीच्याच पाठीवर लिही. वस्तरा माझ्या हातात होता. असंच लिही, 'चुकून' नको घालूस मध्ये. तारीख टाक. दे इकडे — सही वाकडी येईल, येऊ दे. धर कागदाचा कोपरा, सरकतोय. झाली. बँकेतल्यासारखी नाही आली, पण माझीच आहे, तू साक्षीला आहेस.

तीन वीस झाले? मग बसलायस काय! स्कूटर आहे ना खाली? आधी वसतिगृह, वसतिगृहावर नसली तर सरळ स्टँड. धाकटीच्या पाठीवर निळं दप्तर असेल, ते शोध. गाडी सुटायला आली असेल तर समोर उभा राहा, सेक्रेटरी आहेस, थोडा आवाज चढव. सलूनवाल्याकडे नंतर जा. आणि तिला माझ्याबद्दल — नाही. काही सांगू नकोस. काय सांगणार?

थांब, जिन्यावर पावलं वाजतायत. साडेतीनचा क्लास. आले सगळे. त्यांना मी अजून काहीच सांगितलेलं नाही, हॉलचंही नाही. तू मागच्या दाराने जा, तुझ्या हातातला कागद बघितला की विचारतील, आणि तू थांबशील. थांबू नकोस. किल्ली घे. जा म्हणते ना. जा.