थाळीमागचे थेंब

हॅलो?… हो, सुचित्राच बोलतेय. बोल लविना… अगं नाही गं, टाळत कशाला असेन. इथे लालबागला आमचं मशीन चालू असलं की फोन ऐकूच… बरं. टाळत होते.

स्टँड? झाले की. सातही. सागाचे, खाली खाच, मागे टेकू… हो, हो, रविवारी माटुंग्याच्या प्रदर्शनात तुझ्या पप्पांच्या सगळ्या लाकडी थाळ्या उभ्या राहतील… मग काय झालं म्हणजे… अगं ऐक ना. मी एक घोळ करून बसलेय.

थाळ्या स्टँडवर बसेनात. डुगडुगायच्या. उलट्या करून बघितल्या तर मागे पॉलिशचे थेंब वाळलेले. एकीला दोन, एकीला पाच… हो, तेच, टिकलीएवढे. मला वाटलं, ज्यो अंकलचा हात हल्ली थरथरतो, ओघळलं असेल. लेथवर इतकी सुंदर थाळी काढलीय आणि मागे हे असं… म्हणून मी पॉलिश पेपर घेतला आणि…

हॅलो? लविना?

…हो. सातही.

चूक माझीच आहे गं. स्टँडलाच थोडं कोरलं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं. बाबांनी पहिल्या दिवशी शिकवलेलं, दुसऱ्याच्या कामाला हत्यार लावायचं नाही, आपलं काम त्याला बसवून घ्यायचं. म्हणून तर तुझा फोन उचलवेना. पण इतकं काय… काय? मुद्दाम?… थांब, हळू बोल. पप्पांची नजर गेल्यापासून?… एक थेंब म्हणजे पहिली थाळी, दोन म्हणजे दुसरी… बोटाने ओळखतात. हो ना, सगळ्या एकाच फणसाच्या लाकडाच्या, एकाच मापाच्या… अगं मग मला आधी सांगायचं ना… नाही, नाही, तुझ्यावर नाही ढकलत. एक फोन करून मीच विचारायला हवं होतं. लाज वाटतेय गं मला. खरंच, तोंड दाखवायला जागा नाही ठेवली मी.

त्यांना नको सांगू. मी येते भायखळ्याला, मीच सांगते… तिथेच बसलेत? नको, फोन नको देऊस, मला काय बोलायचं ते तरी ठरवू…

अंकल… हो, मी सुचित्रा… ऐकलंत ना… नाही, तिचं बरोबर आहे. मीच घासले. मला वाटलं तुमचा हात चुकला… तुम्ही रागवा ना अंकल. असं शांत बोललात की मला जास्त लागतं.

…चौथी? सेसिलिया आंटींनी तेल लावलेली?… आंटी गेल्या त्याच्या आदल्या आठवड्यात… पलंगावर बसून, हो… म्हणजे ती विकायची नाही. बाकी सहा गेल्या तरी ती घरी परत… कळलं अंकल.

आत्ता? हो, बघते ना. पुढ्यातच आहेत… पालथ्या केल्या. लाईटखाली धरते… नाही, डाग नाही दिसत… डोळे मिटून? बरं. मिटले… हो, तुम्ही सांगता तशीच फिरवतेय, कडेकडून मधे. हळूच… ही नाही. हीसुद्धा नाही… चार खुणा, हो अंकल, चारच शोधतेय…

…आहे, फोनवरच आहे.

नाही हो. बोटाला काहीच लागत नाही. मी फार छान घासलंय.