तळमजल्याचा नकाशा

— नाही, हात लावलात तरी चालेल, स्पंज आहे तो. मॉडेलमधली झाडं म्हणजे स्पंज. हिरव्या शाईत बुडवायचा, वाळवायचा, चिमटीने तोडून टाचणीवर खोचायचा, झाली गंगेकाठची झाडी. चाळीस झाडं केली मी. प्रत्यक्षात किती लागली? तीन. त्यातलं एक वाळलं. बसा रंगनाथराव, साहेब जेवायला गेलेत, आणि साहेबांचं जेवण म्हणजे तास कुठे गेला नाही. तुम्ही नाशिक रोडहून आलात, नोटांच्या प्रेसमधून अर्धी रजा टाकून — तुम्हाला तसंच परत कसं पाठवू? तळमजल्यावर घर घ्यायचंय, नकाशा बघायचाय ना, दाखवतो. मीच काढलाय. नऊच्या नऊ मजले मी काढलेत. मग साहेब काय काढतात? साहेब आर्किटेक्ट, ते सिगारेटच्या पाकिटावर काढतात. थट्टा नाही करत. अठ्ठ्याहत्तर साली मुंबईहून आले ते जानेवारीत. जानेवारीतली गंगा तुम्हाला ठाऊक आहे, गोदावरी नावालाच, घोटाभर पाणी, म्हशी बसलेल्या. दहा मिनिटं पुलावर उभे राहिले, पाकिटावर एक उभा चौकोन काढला, त्याच्या पायाशी चार वाकड्या रेघा, आणि मला म्हणाले, ‘झुंबर, हा टॉवर, आणि ही शहराची ओसरी.’ ओसरी म्हणे. तिसऱ्या मजल्यावर जन्मलेला माणूस — याने ओसरी बघितली कधी?

पण चित्र छान होतं, खोटं कशाला बोलू. मागे टॉवर, पुढे नदीपर्यंत उतरणाऱ्या रुंद पायऱ्या, सगळ्यांना खुल्या, कुंपण नाही. म्हाताऱ्यांना बाक. आणि भाजीवाल्यांना बारा ओटे, दगडी, वर पक्कं छप्पर. आधी त्या जागेवर भाजीवाल्याच बसायच्या ना, गोणपाट टाकून — त्यांना नुसतं उठवलं असतं तर बोंब झाली असती, म्हणून ओटे. साहेब म्हणाले, पायऱ्यांवर माणसं दाखव. मी दाखवली. धोतर, लुगडं, डोक्यावर पाटी. तर म्हणतात, ‘अरे, ही तर जत्रा भरली.’ मग मुंबईहून कागद आला, घासून उमटवायची तयार माणसं. हॅटवाला पुरुष, आणि एक बाई, तिच्या हातात साखळी, साखळीला कुत्रं. आणि ती कुठे निघालीय? गंगेवर. सतरा वेळा उमटवली मी ती बाई, सतरा कुत्र्यांसकट. मंजुरीच्या बैठकीत सगळे माना डोलवत होते. एकानेही विचारलं नाही, ही बाई कोणाची कोण.

जागेची मोजणी? ती करायला साहेब थोडेच उन्हात येणार. मी गेलो, पट्टी आणि दुर्बीण घेऊन. तिथे एक भाजीवाली होती, भागीबाई, मेथीच्या जुड्या बांधत बसलेली. म्हणाली, ‘हितं बांधता व्हय? एकोणसत्तरला हितं काय झालं ते हाय का ध्यानात?’ उठली, दगडी भिंतीपाशी गेली आणि आपल्या डोक्याच्याही वर हात टेकवला. ‘हितवर पाणी व्हतं. दुतोंड्या मारुती कधीच बुडाला व्हता. सरुबाई शेळी सोडायला माघारी वळली ती घावलीच नाय. अन् तू मॅट्रिकची पुस्तकं डोक्यावर धरून निघाला व्हतास, इसारला का?’ — काय? हो, आई. माझी आई ती. मघाशी बोललो नाही का? नसेन बोललो. भाजीवालीचा मुलगा ड्राफ्ट्समन झाला यात लपवायचं काय आहे, काहीच नाही. तर तिने हात ठेवला तिथे मी खडूने खूण केली, दुर्बीण लावली, मोजलं. साहेबांच्या तळमजल्याची फरशी जिथे येणार, तिच्यावर साडेचार फूट. घरी येऊन पूररेषा काढली ट्रेसिंगच्या कागदावर, निळ्या शाईत. अशी सुरेख रेघ, सांगतो तुम्हाला, इकडून तिकडे एका दमात.

साहेबांनी बघितली. म्हणाले, ‘असला पूर शंभर वर्षांतून एकदा येतो.’ मग म्हणाले, ‘ही रेघ राहिली तर इमारत उचलावी लागेल, झुंबर. पायऱ्या जातील. ओटे जातील. तुझ्या आईचा ओटाही. तूच बघ.’ आणि हात धुवायला गेले. पुसून टाक म्हणाले का? नाही. असली माणसं असं कधी म्हणत नसतात — तूच बघ म्हणतात, आणि हात धुवायला जातात. ट्रेसिंगवरची शाई रबराने जात नाही, रंगनाथराव. त्याला अर्धं ब्लेड लागतं. आडवं धरायचं, हलक्या हाताने खरवडायचं, कागदाला भोक पडू द्यायचं नाही, मग त्या जागेवर नख घासून गुळगुळीत करायचं. म्हणजे दुसरी रेघ ओढली तरी शाई फुटत नाही. माझा हात चांगला आहे, साहेबही मानतात. पाच फूट खाली ओढली दुसरी. — कोणी म्हणजे? मी ट्रेसिंगचं सांगतोय तुम्हाला, काम कसं करतात ते. बरं, मी. मीच. तिला ओटा मिळणार होता ना. वीस वर्षं गोणपाटावर बसलेली बाई.

मिळाला का? जाऊन बघा. पायऱ्यांना लोखंडी गेट आहे, गेटला कुलूप आहे आणि ओट्यांच्या जागी गाड्या उभ्या आहेत. छप्पर तेवढं बांधलं, गाड्यांना सावली हवी म्हणून. ओसरी म्हणे शहराची. आई रस्त्यापलीकडे गटाराच्या कडेला बसते. पहिल्या वर्षी विचारायची, ‘वटा कधी रं?’ मग विचारायची थांबली. गेल्या श्रावणात पाणी आलं — मोठा पूर नव्हता, दुतोंड्याच्या छातीपर्यंत — तरी तळमजल्यात दोन फूट. वॉचमनची खाट तरंगत जिन्याशी आली. दुसऱ्या दिवशी आई गेटपाशी येऊन उभी राहिली. भिंतीवर चिखलाची रेघ होती, ती बघितली. म्हणाली, ‘तुला दावलं व्हतं ना.’ तेवढंच. तेव्हापासून माझ्या घरी जेवायला येत नाही. जवळच खोली घेतलीय, स्वतःचं करून खाते. मी भाजी घ्यायला गेलो तर देते, सगळ्यांना देते तशी, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे बघते.

तर तुम्ही तळमजला बघू नका. तुमच्या आईचे गुडघे दुखतात, जिना नको, सगळं कळतं मला. पण लिफ्ट आहे, चौथा घ्या, पाचवा घ्या. तळमजल्याच्या भिंतींना वैशाखात रंग दिलाय, म्हणून कोऱ्या दिसतात. रात्री म्हातारी एकटी असेल आणि तुम्ही शिफ्टला असाल, आणि पाणी — तुमचं तुम्ही समजा.

काय? लिहून? हे सगळं लिहून देऊ?

कशावर लिहून देऊ — आणि कोणाच्या नावाने? नकाशावर खाली माझं नाव आहे, बघितलंत ना, ‘रेखाटन’ म्हणून. साहेबांची सही मंजुरीच्या कागदावर आहे, पण रेघ माझ्या हाताची आहे. मला दोन मुली आहेत. तुम्ही सरकारी माणसं, तुम्हाला लिहून द्यायला आणि घ्यायला काय जातं. मी तुम्हाला माणुसकीने चार गोष्टी — नाही, चार गोष्टीही नाही. मी नकाशा दाखवत होतो.

थांबा. खाली गाडी आली. द्या तो नकाशा इकडे, असा नको, गुंडाळी करू द्या. त्या खुर्चीवर बसा, ही साहेबांची.

या साहेब. हे रंगनाथराव, प्रेसमधले. तळमजला बघायला आलेत. मी म्हटलं, साहेबच सांगतील.