दातिवऱ्याच्या बोटीचा माइक

बोईसरच्या रेडिओ-वायरलेस दुरुस्तीच्या दुकानात शिवाजीतात्या वारलेल्या बायकोचा रेडिओ मांडीवर घेऊन बाकावर बसले होते. त्यांच्या आधी नंबर होता दातिवऱ्याच्या प्रेमला कोळिणीचा. तिनं बोटीच्या वायरलेसचा माइक मेकॅनिकपुढं आपटला.

“हर्षित, वायर उलटी जोडलीस तू. भर समुद्रात इंजिन बंद पडलं. दोन दिवस माजा नवरा ह्याच्यात ओरडत होता. त्याला सगळ्यांचं ऐकू येत होतं, त्याचं कुणाला नाय.”

“पण आला ना घरी?”

“दुसऱ्या बोटीनं बघितला म्हणून. तुज्यामुळं नाय.”

“मावशी, तुमच्यासमोरच प्लग खोलतो. ह्या बघा चार वायरी, चारही जागच्या जागी.”

“मग?”

“मग हा लाल चिखल कसला? पिनांना गंज चढलाय.”

“मला काय विचारतोस?”

“पिनेला बोट लावून बघा. कुंकू हाय. नारळाचं पाणीपण गेलंय आत. नारळी पुनवेला सेटची पूजा कुणी केली?”

“मीच. दरसाल करते. बोटीत माजा माणूस असतो, पूजा नको करू?”

“करा की. पण माइकवर नारळ कशाला ओतायचा?”

“हे विकताना सांगायला काय झालं होतं तुला?”

हर्षितनं पिना घासल्या, प्लग टेबलावरच्या सेटला लावला आणि माइक तिच्या हातात दिला. “फळीवरचा दुसरा सेट चालू हाय, त्यात ऐकू येईल. बोला.”

प्रेमलानं बटण दाबलं.

“इंजिन बंद पडलंय. कुणी हाय का?”

फळीवरून तिचाच आवाज आला. तिनं बटण सोडलं नाही.

“कुणी हाय का?”

तात्यांनी रेडिओ बाकावर ठेवला.

“हाय गो बाय. ऐकतोय.”